वय वाढले की चित्रपटगृहात जाणे कमी होते का?

वय वाढले की माणसे चित्रपटगृहात जाणे सोडतात का, आणि पूर्वीही असेच होते का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते येथे वयापेक्षा पिढीचा प्रभाव अधिक आहे. एकाच वर्षी विशीतले किती आणि साठीतले किती आले एवढेच मोजल्यास तो दिसत नाही, कारण १९७५ मध्ये वीस वर्षांचा असलेला प्रेक्षक २०२५ मध्ये सत्तरीचा झाला, तरी त्याची सवय मात्र त्या जुन्या काळातच घडलेली असते.

मीही त्यांपैकीच एक. फाळक्यांच्या या नाशकात आम्ही सर्कल किंवा विजयानंदला जायचो ते आजीपासून मांडीवरच्या मुलापर्यंत सगळे मिळून, त्यामुळे प्रेक्षकांचे वयोगट पाडण्याची वेळच येत नसे. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झाले, पाठोपाठ व्हिडिओ कॅसेट भाड्याने मिळू लागल्या, आणि आमच्या गल्लीत सर्वांत आधी घरी थांबल्या त्या आज्या आणि लहान मुलांचे आईवडील. कॉलेजची मुले जातच राहिली, कारण त्यांना चित्रपटाइतकेच घराबाहेरचे तीन तास हवे असतात (आम्हीही हे वडिलांना कधी सांगितले नव्हते).

ब्रिटनमध्ये ही घसरण आधीच होऊन गेली होती. तेथे १९४६ मध्ये सुमारे १६३ कोटी तिकिटे विकली गेली, तर १९८४ मध्ये जेमतेम साडेपाच कोटी. टिकून राहिला तो मुख्यतः तरुण प्रेक्षक. मात्र पुढे मल्टिप्लेक्स आल्यावर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांचा वाटा पुन्हा वाढला. केवळ वयामुळे हौस संपत असती, तर असे झाले नसते.

आमच्या पिढीला आज अडवतात त्या गोष्टी साध्या आहेत: तिकिटाचा दर, मोबाइलवरचे आरक्षण, अंधारातल्या पायऱ्या आणि रात्री उशिरा सुटणारा खेळ. त्यात मार्च २०२० मध्ये चित्रपटगृहे बंद झाली, मध्यंतरी काही महिने निम्म्या आसनांवर चालली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा उघडली, तोवर अनेकांची सवय मोडली होती.

तरीही आम्ही चौघे मित्र बुधवारी दुपारच्या खेळाला जातो. सभागृहात दहा-बारा डोकी असतात, त्यांतली निम्मी पांढरी. रविवारच्या गर्दीवरून अंदाज बांधणाऱ्याला ती दिसत नाहीत.