विंडोज पुन्हा टाकल्यानंतर उरलेला ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर कसा काढावा?

विंडोज ११ पुन्हा टाकताना सी ड्राइव्ह फॉरमॅट केला नसेल, तर जुनी प्रणाली ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये हलवली जाते. अनेक जीबी जागा अडवून बसलेला आणि साध्या डिलीटला दाद न देणारा फोल्डर तो हाच. त्यातील बऱ्याच फाइल्सची मालकी प्रणालीकडे असल्यामुळे परवानगी नाकारली जाते. ती परवानगी बळजबरीने मिळवण्याची खटपट करू नये, कारण त्याची गरजच नाही.

आधी त्या फोल्डरमधील ‘यूजर्स’ उघडून आपल्या जुन्या नावाखालील डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स नीट तपासावेत व हवे ते बाहेर कॉपी करून घ्यावे. आउटलुकच्या पीएसटी फाइल्स (ज्यांत ईमेल साठवलेले असतात) बहुधा डॉक्युमेंट्समध्येच असतात आणि नेमक्या त्याच विसरल्या जातात.

त्यानंतर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज आणि टेम्पररी फाइल्स या क्रमाने जाऊन ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ समोर खूण करावी व ‘रिमूव्ह फाइल्स’ दाबावे. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ हाही पर्याय असतो. त्यावर चुकून खूण झाली, तर आपण उतरवून घेतलेल्या फाइल्सही जातील.

अपग्रेड केले असल्यास हा फोल्डर साधारण १० दिवसांनी आपोआप काढला जातो आणि तोवरच मागील आवृत्तीकडे परतता येते. त्यामुळे प्रिंटर, ध्वनी आणि रोजची सॉफ्टवेअर सुरळीत चालत असल्याची खात्री होईपर्यंत, जागेची फारच निकड नसेल तर, थांबलेले बरे. ‘सिस्टिम३२’ किंवा ‘विनएसएक्सएस’ हे चालू प्रणालीचे फोल्डर आहेत. त्यांना हात लावू नये.