गाणं विकू नका, वापरायला द्या

प्रश्न: ताई नमस्कार, मी नाशिकला इंदिरानगरला राहतो, स्वतःची गाणी लिहून गिटारवर गातो, ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) आणि आपलं लोकसंगीत असं मिक्स. एका वेब सिरीजवाल्यांना माझं एक गाणं आवडलंय. त्यात आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत आणि सुरगाण्याच्या एका दादांनी पावरी (आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवलीय. ते म्हणतात एकरकमी पैसे घ्या आणि सगळे हक्क आमच्या नावावर करून द्या. सही करू का? आणि असलं गाणं सीनमध्ये चालतं का हो? – एक वाचक

उत्तर: या कागदावर सही करू नका, प्लीज. त्यांना गाणं एका सीनसाठी हवंय ना, मग त्या सीनपुरती परवानगी द्यायची, अख्खं गाणं कशाला देऊन टाकायचं? तुमच्याकडे दोन वेगळे हक्क आहेत, एक शब्द आणि चालीचा, दुसरा रेकॉर्डिंगचा, आणि रेकॉर्डिंग तुम्हीच पैसे घालून केलं असेल तर दोन्ही तुमचेच. म्हणून कागदावर लिहून घ्या की कोणत्या सिरीजसाठी, किती मिनिटं, किती वर्षं, कुठल्या देशांत आणि ट्रेलरमध्ये वापरणार की नाही, ट्रेलरचे पैसे वेगळे मागा. मुदत लिहिलीच नाही तर कायदा ती 5 वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, पण त्याच्या भरवशावर राहू नका, सगळं लिहूनच घ्या.

आणखी एक, 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली बदल झाला, त्यामुळे सिनेमात घेतलेल्या गाण्याचे हक्क दिले तरी थिएटरबाहेरच्या वापरावरचा, म्हणजे टीव्ही वगैरे, रॉयल्टीचा अर्धा वाटा गीतकार-संगीतकाराला सोडून देता येत नाही, तशी अट घातली तरी ती टिकत नाही. हा वाटा हातात पडायला आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या आणि सिरीजवाल्यांच्या क्यू शीटमध्ये, म्हणजे सिरीजमध्ये वाजलेल्या संगीताच्या यादीत, गाण्याचं नाव, तुमचं नाव आणि किती सेकंद वाजलं हे बरोबर भरलंय का ते स्वतः बघा, ते चुकलं की पैसे अडकतात.

आता सीनचं. अहो चालतं म्हणजे काय, मस्त चालतं! ब्लूजमध्ये बहुतेक वेळा बारा बारचं चक्र असतं (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट), चार-चार बारचे तीन तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात साधारण पहिले दोन बार आवाज गातो, उरलेल्या दोनात गिटार उत्तर देते, त्या रिकाम्या जागेत डायलॉग अलगद बसतो. चक्र फिरून येतं म्हणून ते संपतं तिथे एडिटरला सहज कापता येतं. आणि शब्दांचं बघा ना, ब्लूजमध्ये पहिली ओळ गायची, तीच पुन्हा, मग तिसरी ओळ तिला जवाब देते. जात्यावर एक बाई ओवी गाते, दुसरी तीच ओळ उचलून धरते, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना हे परकं वाटायचंच नाही, म्हणून तुमचं मिश्रण मला मनापासून आवडलं. फक्त शब्दांशिवायचा ट्रॅक आणि गिटार, पावरी, आवाज अशा वेगवेगळ्या फाइल्स तयार ठेवा, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फॉरमॅटमध्ये, कारण पात्र बोलत असताना गाणाऱ्याचा आवाज आडवा येतो आणि साउंडवाले तोच आधी बंद करायला सांगतात. गाणं तुम्ही डिस्ट्रिब्युटरकडून (गाणी ऑनलाइन पोचवणारी कंपनी) यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे कुणाचं गाणं वाजतंय ते आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, टाकलं असेल तर सिरीजचं चॅनल सूटयादीत घालायला सांगा, नाहीतर त्यांच्याच व्हिडिओवर क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, बसेल.

ओव्यांची काळजी नको, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या शब्दांवर कुणा एकाची मालकी नाही, तुम्ही रचलेल्या ओळी आणि चाल मात्र तुमची. पण आजीने स्वतः जोडलेल्या ओळी असतील तर त्या आजीच्या, तिला विचारा आणि तिचं नावही द्या.

पावरीवाल्या दादांचं मात्र आधी करा. वाजवणाऱ्याचाही कायद्यात हक्क असतो, त्यांच्याकडून लेखी परवानगी घ्या, ती त्यांना नीट वाचून दाखवा, मानधन आत्ता द्या आणि पुढे गाण्याचे पैसे आले तर त्यांचा वाटा किती हेही त्याच कागदावर येऊ द्या. श्रेयनामावलीत फक्त 'पावरी' असं नको, त्यांचं पूर्ण नाव आणि गावसुद्धा हवं, ही अट सिरीजवाल्यांच्या करारातच टाका.