पहिलं बाळ नऊ महिन्यांचं असताना लगेच दुसरं होऊ देण्यात खरंच धोका असतो का?

तुम्ही लिहिलंय, पहिलं सिझेरियन झालंय आणि सासूबाई म्हणतात, "पाठोपाठ दुसरं होऊन जाऊ दे, एकदाच काय ते उरकेल." धोका असतो. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाण्याआधी किमान २४ महिने जाऊ द्या म्हणते. म्हणजे अजून सव्वा वर्ष थांबा.

माझ्या धाकट्या बहिणीला पुण्यात, धायरीत सासरी हेच ऐकावं लागलं. सिझेरियननंतर वर्षाच्या आतच तिला पुन्हा दिवस गेले. आमच्या आत्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, अंगावर पाजतेस तोवर काही होत नाही. हे फक्त पहिले सहा महिने खरं, तेही बाळ निव्वळ आईच्या दुधावर असेल आणि पाळी सुरू झाली नसेल तरच. बाळाला वरणाचं पाणी सुरू झालं की तो भरवसा संपला.

पाचव्या महिन्यात ती माहेरी आली तेव्हा चहा टाकता टाकता डब्यातले कच्चे तांदूळ मुठीनं तोंडात टाकायची. आई म्हणाली, डोहाळे आहेत. डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून बघितली, आतून पांढरीफटक. हिमोग्लोबिन सात. कच्चे तांदूळ, माती, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणं हे बरेचदा लोह कमी पडल्याचं लक्षण असतं. पहिल्या बाळंतपणात गेलेलं लोह भरून यायच्या आत दुसरा जीव तेच मागत होता. शिरेतून लोह द्यावं लागलं. बाळ चौतिसाव्या आठवड्यात आलं, दोन किलोचंही नव्हतं, आणि काचेच्या पेटीत राहिलं.

आज दोघं ठणठणीत आहेत, म्हणून आत्या दर लग्नकार्यात ऐकवते, "झालंच ना सगळं नीट? आमच्या आईला नऊ झाली." नऊ झाली, जगली सहा. उरलेल्या तिघांची नावंही घरात कुणाला आठवत नाहीत. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, शकुंतला परांजप्यांनी याच पुण्यात तेच काम केलं, आणि शंभर वर्षांनी आपल्या घरांत अजून आत्याचा शब्द शेवटचा!

तुमच्या बाबतीत टाक्यांचाही प्रश्न आहे. पोटावरचा व्रण सुकला म्हणजे गर्भाशयावरचा भरून आला असं होत नाही. अंतर कमी असेल तर कळांच्या वेळी तो फाटण्याचा धोका वाढतो. तोवर दिवस राहू नयेत म्हणून सरकारी दवाखान्यात तांबी, अंतरा इंजेक्शन, छाया गोळ्या मोफत मिळतात, आणि तिन्ही पाजणाऱ्या आईला चालतात.

हां, वय पस्तिशीच्या पुढे असेल तर इतकं थांबणं परवडेलच असं नाही, डॉक्टरांशी बोलून ठरवा. पाठोपाठचं प्रत्येक बाळंतपण बिघडतंच असंही नाही. दिवस राहिलेच तर आधीच्या सिझेरियनची तारीख पहिल्या भेटीतच सांगा आणि रक्ताची, ऑपरेशनची सोय असेल तिथेच नाव घाला.

आणि सासूबाईंशी वाद तुम्ही घालू नका, नवऱ्याला बोलायला लावा. माझ्या बहिणीचा नवरा तेव्हा पेपरात तोंड घालून बसला होता. तो एक शब्द बोलला असता तर आत्याचं कुणी ऐकलंही नसतं.