माळ्यावरचं पांढरं झुरळ

प्रश्न : सर, आमचं गुहागरला जुनं चिरेबंदी घर आहे. परवा आमसुलांची बरणी काढायला माळ्यावर चढले, तर बरणीमागे पांढरंफटक झुरळ! सासूबाई म्हणतात ही विषारी जात. खरं का? आणि दर पंधरवड्याला फवारा मारूनही झुरळं पुन्हा होतात, ती का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, सासूबाईंना म्हणावं, घाबरू नका. ते तुमच्या मोरीतलं नेहमीचं तांबडं झुरळच, फक्त नुकतंच कात टाकलेलं. झुरळाला आत हाडं नसतात, वरचं कवच हाच त्याचा सांगाडा. अंगानं वाढायचं तर जुनं कवच पाठीवर उभं उसवून बाहेर पडावं लागतं. तेव्हा ते शहाळ्यातल्या मलईसारखं पांढरं आणि तितकंच मऊ असतं, डोळे तेवढे काळे. काही तासांत रंग चढतो, कवच कडक होतं. बरणीमागे बॅटरी मारून बघा, पाठीवर चीर गेलेली पोकळ कात मिळेल, मिशांसकट. न मिळाली तर त्यानंच ती खाल्ली असेल.

मी कितीतरी वर्षं अकरावीला झुरळ शिकवलं. आदल्या रात्री बरणीत केळ्याचा तुकडा टाकायचा, आतून काठाला तूप फासायचं आणि बरणी मोरीत ठेवायची. सकाळी दहा-बारा गिऱ्हाइकं हजर. मेणाच्या ट्रेमध्ये पोट उघडलं की दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "सर, रक्त कुठाय?" रक्त असतं, पण बिनरंगी. प्राणवायू वाहायचं काम त्याच्याकडे नाहीच. दोन्ही बाजूंना मिळून 20 श्वासरंध्रं असतात, तिथून बारीक नळ्यांनी हवा थेट आत पोचते. म्हणून मुंडकं उडालं तरी झुरळ काही दिवस तग धरतं.

आता फवारा. तांबडी मादी सुटी अंडी घालत नाही. चवळीच्या दाण्याएवढी काळपट डबी तयार करते, आत साधारण 14 ते 16 अंडी, आणि ती फळीच्या सांध्यात चिकटवून निघून जाते. डबीच्या आत फवारा पोचत नाही. पिल्लं बाहेर पडायला महिना-दीड महिना लागतो, तोवर तुमच्या औषधाचा जोर ओसरलेला. तेव्हा मेलेली झुरळं मोजू नका, डब्या शोधा. वासे, फळ्यांचे सांधे, जुन्या ट्रंकेचा तळ. सुरीच्या टोकानं खरवडायच्या आणि ठेचायच्या.

या कामात एक मदतनीसही आहे. पोटाचा इवलासा तुकडा झेंड्यासारखा वरखाली हलवत भिंतीवरून फिरणारी काळी, बारकी गांधीलमाशी पाहिली असेल. ती झुरळाच्या डबीत अंडं घालते, आणि तिची अळी आतली सगळी अंडी फस्त करते. माणसाच्या वाटेला ती जात नाही. हे कळण्याआधी मी न्हाणीघराच्या खिडकीतल्या अशा कितीतरी माश्या चपलेनं मारल्या, अजून चुटपुट लागते.

फ्रिजमागे बारकी, फिकट, मानेवर दोन काळ्या रेघांची झुरळं दिसली तर ती जर्मन. नाव जर्मन, पण 2024 साली जनुकं तपासली तेव्हा मूळ दक्षिण आशियातलं निघालं. यांची मादी पिल्लं निघायच्या बेतात येईपर्यंत डबी पोटाला धरूनच हिंडते, त्यामुळे डब्या खरवडून भागत नाही. बिजागऱ्यांपाशी झुरळं मारायच्या जेलचे ठिपके लावा. ही मंडळी बहुधा खोक्यांतून प्रवास करतात. गणपतीला मुंबईकर आले की त्यांची खोकी पडवीतच रिकामी करून घ्या.