कॉलेज पाहायला जाताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलीने सीईटी दिली आहे. इंजिनिअरिंगसाठी जळगाव, धुळे आणि शिरपूरची कॉलेजं पाहून यावीत असं ठरवलंय. आमच्या घरात आधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. तिथे जाऊन नेमकं काय बघायचं? (एक पालक, चोपडा)

उत्तर: एका दिवसात एकच कॉलेज ठेवा आणि तेही वर्ग चालू असताना. आधी ऑफिसला फोन करून कॉलेज चालू आहे ना, मुलीला हवी ती शाखा दाखवतील का, एवढं विचारून घ्या. सुट्टीत गेलात तर रंग दिलेली इमारत आणि बाग दिसेल, शिकवणं दिसणार नाही. प्रॅक्टिकल बहुतेक ठिकाणी दुपारी असतात, म्हणून सकाळी अकराला पोहोचून तीनपर्यंत थांबा.

स्वागतकक्षातलं माहितीपत्रक घ्या आणि तिथून थेट विभागात जा. नोटीस बोर्डावर वेळापत्रक असतं. त्यात शिक्षकांच्या नावांची आद्याक्षरं असतात. वेगवेगळी किती आहेत ते मोजा. एआयसीटीईचा (तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेचा) निकष दर २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. ६० जागांच्या शाखेत चारही वर्षं मिळून २४० मुलं होतात, म्हणजे १२ शिक्षक हवेत. आद्याक्षरं पाच-सहाच निघाली, तर विभागप्रमुखांना सरळ विचारा.

मग लॅब. प्रॅक्टिकलची बॅच साधारण वीसेक मुलांची असते, तेव्हा चालू स्थितीतले संगणक किती ते बघा. मेकॅनिकल असेल तर लेथखालच्या (धातू कातून आकार देणाऱ्या यंत्राखालच्या) ट्रेमध्ये लोखंडाचा कीस आणि यंत्रावर तेल दिसायला हवं. कोरड्या धुळीचा थर असेल तर त्या लेथवर बऱ्याच दिवसांत काम झालेलं नाही.

सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या मुलाचं जर्नल, म्हणजे प्रयोगवही. विनंती केली तर मुलं दाखवतात. प्रत्येक प्रयोगाखाली सरांची सही आणि तारीख असते. तारखा आठवड्या-पंधरवड्याने पुढे सरकत असतील तर प्रयोग होताहेत. दहाही सह्या सत्राच्या शेवटच्या आठवड्यातल्या असतील, तर जर्नल एकमेकांचं बघून उतरवलं गेलं असण्याची शक्यता जास्त. ही पाच मिनिटं चुकवू नका.

प्लेसमेंटच्या फलकावर सर्वांत मोठं पॅकेज ठळक लिहिलेलं असतं, त्याचा तुमच्या मुलीला फारसा उपयोग नाही. तिच्या शाखेची गेल्या वर्षीची यादी मागा: शेवटच्या वर्षाला किती मुलं होती, त्यातल्या किती जणांना नोकरी लागली, आणि पगार चढत्या क्रमाने लावले तर मधल्या क्रमांकाच्या मुलाचा पगार किती. एकाच मुलाला तीन ऑफर मिळाल्या की आकडा तीनने वाढतो, म्हणून ‘ऑफर किती’ असं न विचारता ‘मुलं किती’ असं विचारा.

परीक्षा कोण घेतं हेही लिहून आणा. खान्देशातली सगळी इंजिनिअरिंग कॉलेजं एकाच विद्यापीठाची नाहीत. काही लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेली आहेत, काही स्वायत्त आहेत, म्हणजे परीक्षा स्वतःच घेतात. नॅक आणि एनबीए या दर्जा तपासणाऱ्या यंत्रणा आहेत: नॅक संपूर्ण संस्थेचं मूल्यांकन करतं, एनबीए एकेका शाखेचं. ‘आम्हाला एनबीए आहे’ असं सांगितलं तर कोणत्या शाखेला आणि कधीपर्यंत, ते विचारा.

मूळ दाखले सोबत नेऊ नका, झेरॉक्स पुरे. ‘आजच पैसे भरून सीट पक्की करा’ असं कुणी म्हणालं तर उठून निघा. कॅपची, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतली, जागा सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मिळते, कॉलेजच्या टेबलावर नाही.

प्रश्न: मुलींना फी माफ आहे म्हणतात. मग कॉलेजात फीबद्दल काय विचारायचं? (एक आई, पारोळा)

उत्तर: माफी आहे, पण सरसकट नाही. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून (कॉलेज स्वतः भरतं त्या जागांवर) घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ मिळत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट बरेच पालक प्रवेशानंतर ऐकतात. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो.

म्हणून ऑफिसात ‘फी किती’ एवढंच विचारू नका. फोड मागा: शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत, बस, हॉस्टेल, मेस. माफीनंतर हातून किती जाणार, तो आकडा त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्या. फी नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या फीशी तो ताडून बघा.

प्रश्न: मुलगा धडगावचा, एसटी प्रवर्गातला. धुळ्यात राहण्याची सोय कशी पाहावी? (एक वाचक, धडगाव)

उत्तर: आधी आदिवासी विकास विभागाच्या शासकीय वसतिगृहासाठी ऑनलाइन अर्ज करा. तिथे जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेत निवास-भोजनासाठी रक्कम मिळते. चौकशी तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात होईल.

कॉलेजचं हॉस्टेल बघायचं असेल तर रिकामी नमुना खोली पाहून परत येऊ नका, मुलं राहत असलेली खोली बघा. उन्हाळ्यात पाणी किती वेळ येतं आणि टँकर लागतो का, ते रेक्टरऐवजी मुलांना विचारा. मेसमध्ये पैसे देऊन एक वेळ जेवा. रॅगिंगविरोधी समितीची नावं आणि १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइन क्रमांक भिंतीवर लावलेला आहे का बघा. नसला तरी मुलाच्या मोबाइलमध्ये तो आजच टाकून द्या.