मित्रासाठी पियानोवर पहिलीच बॅलड

गेलेल्या मित्राच्या आठवणीत बॅलड, म्हणजे संथ जॅझ रचना, वाजवायची आहे ना? मग सगळ्यात आधी, नवी रचना करायच्या भानगडीत पडू नकोस. जॅझ ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन १९५६ मध्ये मोटार अपघातात गेला, अवघा २५ वर्षांचा. त्याच्या आठवणीत सॅक्सोफोनवादक बेनी गोल्सनने केलेली 'आय रिमेंबर क्लिफर्ड' घे.

- चाल आधी नुसत्या उजव्या हाताने, गुणगुणत बसव. तुझा मित्रही ट्रम्पेटच वाजवायचा ना? मग तो जिथे श्वास घेईल, तिथे तूही थांब. ती जागा भरू नकोस.
- डाव्या हातात कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाचे) फक्त तिसरा आणि सातवा स्वर, मूळ स्वरापासून मोजून.
- कॉर्ड बदलली की पेडल (स्वर लांबवणारा पायाखालचा खटका) सोडून पुन्हा दाब, नाहीतर नुसता गिचका.

हमखास चूक म्हणजे भरून आलं की लय पळते. माझीही पळाली होती; ड्रमरने ब्रश (ड्रमवर फिरवायचे तारांचे झुपके) थांबवून नुसतं बघितलं माझ्याकडे! मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेव. सोलोचं, म्हणजे उत्स्फूर्त एकल वादनाचं, नंतर बघू.