अमेरिकेत शिकताना कॅम्पसवरच्या कॅथलिक पॅरिशच्या (चर्चच्या स्थानिक समुदायाच्या) सेवाकार्यात भाग घेता येतो का? कॅथलिक नसलो तरी?

हो, येतो. बऱ्याच ठिकाणी या पॅरिशला न्यूमन सेंटर म्हणतात. कॅथलिक विद्यार्थ्यांचा पहिला न्यूमन क्लब १८९३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निघाला. रविवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनाविधीनंतर) थांबा, तिथेच सेवाकार्य बघणारी माणसं भेटतात. मिस्साला बसायला हरकत नाही, पण कॅथलिक नसाल तर कम्युनियन (मिस्सात दिला जाणारा पवित्र प्रसाद) घ्यायचं नाही. रांगेत गेलात तर हात छातीवर आडवे धरा, आशीर्वाद मिळतो.

सुरुवात गरजूंसाठी सँडविच बनवण्याच्या कामाने करा. २० कापांच्या एका पावात १० सँडविच होतात. मेयोनेज आतून लावू नका, पाव ओला होतो. त्याची पाकिटं वेगळी द्या. मांस किंवा चीज घातलेली सँडविच फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत. पीनट बटरची वेगळ्या टेबलावर करा आणि पिशवीवर तसं लिहा, कारण अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते. लहान मुलांना शिकवायचं असेल तर पार्श्वभूमी तपासणी आणि बालसुरक्षा प्रशिक्षण आधी पूर्ण करावं लागतं, म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच अर्ज द्या.

खरी अडचण डिसेंबरात येते. परीक्षा, मग सुट्टी. विद्यार्थी गायब, आणि गरज मात्र थंडीत वाढलेली. त्यामुळे शहरातल्या कायमच्या रहिवाशांची नावं पाळीपत्रकात ऑक्टोबरातच घालून ठेवावीत.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर मानधन घेऊ नका, अगदी किरकोळसुद्धा.